दूधकट्ट्यावरचा ग्लास

५ जानेवारी
कॉलेजच्या संसर्गजन्य रोग प्रतिबंध सप्ताहाची जबाबदारी माझ्यावर आली. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, शेवटचं वर्ष. दुसरं कोण करणार? संकल्प : निदान एका माणसाची एक सवय बदलायची. माणूस ठरलेला आहे. राजवर्धन. शिवाजी पेठेतला फुटबॉलवाला, आणि माझा. रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभं राहून म्हशीचं कच्चं दूध पितो, धार थेट ग्लासात. तापवून पी म्हटलं की म्हणतो, "तापवलं की ताकद जातीय त्यातली." ताकद नव्हे, जंतू जातात.

८ जानेवारी
आज कट्ट्यावर त्याच्या काकांशी ओळख झाली. म्हशी पिराजीकाकांच्याच. त्यांनी माझ्यासाठी स्वतः धार काढली, फेसाळ ग्लास पुढे केला. "घ्या सूनबाई, अनमान नगं." सगळा कट्टा बघत होता. मी पर्समधून स्वॅबची कांडी काढली, ग्लासच्या काठावरून फिरवली, नळीत बंद केली. ग्लास परत दिला. तंत्र अचूक होतं.
काकांनी ते दूध गटारीत ओतलं.
राजवर्धन वाटभर गप्प. विचार करत असावा. चांगलं लक्षण.

११ जानेवारी
प्लेटवर जंतूंची भरपूर वाढ. फोटो सप्ताहाच्या पोस्टरवर घेतला, शेजारी म्हशीचा. काकांचं नाव दिलं नाही, गोपनीयता पाळली. रूममेट क्रांती म्हणाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती म्हैस अख्खी पेठ ओळखते. वर म्हणाली, "मंगळसूत्र घालायला आला तर आधी स्पिरिटनं पुसून घेशील की गं तू!"
स्पिरिट नव्हे. सत्तर टक्के अल्कोहोल.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन आला नाही. मेसेज आला : "काकाला काय वाटलं असंल, एकदा तरी इचारलंस काय? आता थांबूया."
कच्च्या दुधातून पसरणाऱ्या रोगांची पीडीएफ पाठवली. दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचतोय.

२५ जानेवारी
पोस्टरला पहिलं बक्षीस. प्रमाणपत्राचा फोटो त्याला पाठवला. एकच खूण. नेटवर्क नसेल.

२ फेब्रुवारी
अजून एकच खूण.
भूक नाही. झोप नाही. व्हायरल असणार. थर्मामीटर लावला, ताप नाही. थर्मामीटर बदलायला हवा.
क्रांती याला ब्रेकअप म्हणते. शब्द चुकीचा आहे. संपर्क काही काळ टाळला, एवढंच. याला विलगीकरण म्हणतात, आणि ते संपतं.

८ मार्च
त्याची मॅच बघायला गेले. मास्क लावला होता. गर्दीत लावावाच. त्याने गोल केला आणि गॅलरीकडे बघून हात उंचावला. मीही उंचावला. मग दिसलं, माझ्या दोन ओळी खाली एक मुलगी उभी राहून हात हलवत होती. चुलतबहीण असेल.
मास्क आतून ओला झाला. दमट हवा.

६ एप्रिल
ठरवलं : कट्ट्यावर जायचं, काकांची माफी मागायची, ग्लास मागून घ्यायचा. राजवर्धन येईल तेव्हा मी पीत असेन. बाकी त्याला कळेल.
काकांनी लगेच ओळखलं. "या पावणं," म्हणाले.
माफी मागितली. "असूंदे," म्हणाले आणि धार काढली. मी सगळं प्यायले. कोमट होतं, गोडसर. इतकं वाईट नव्हतं.
मग विचारलं, राजवर्धन कधी येतो?
"त्यो न्हाय येत आता. लगीन ठरलं की त्याचं. परवाच सुपारी फोडली, हुपरीची पोरगी हाय. ती म्हणाली, दूध तापवून पीत जावा. तवापास्नं घरात तापवूनच पितोय गडी."
नुसतं म्हणाली?
"व्हय. नुसतं."
एका माणसाची एक सवय. बदलली.
काकांनी माझा ग्लास बादलीतल्या पाण्यात बुचकळला, त्यात धार काढली आणि पुढच्या माणसाला दिला. स्वॅबची कांडी पर्समध्येच राहिली.