पाण्यातून दिसणारा सुमंत

दूधविनायक, काशी
१२ नोव्हेंबर १९९४

ती. रुचाताईस सुमंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू आणि बाळ खुशाल असाल. इकडे थंडी पडू लागली. आई वेळेवर जेवते, तिला झोपही लागते. काळजी नसावी.

बाळंतपणामुळे तुला विश्वेशदादाच्या दहाव्याला येता आलं नाही, म्हणून एक गोष्ट तुला कोणी कळवली नसेल. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. "आईला सांभाळू", "तुझी सायकल विकणार नाही", सगळं बोलून झालं. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "दादा, तुझी हकीकत मी तू होऊन सांगीन." असं का म्हणालो, ठाऊक नाही. कावळा लगेच उतरला.

तेव्हापासून दिवेलागणीला आई मला समोर बसवते. आधी मी पाहिलं तेवढंच सांगितलं. मी पायरीवर त्याचे कपडे धरून उभा होतो, तो पोहत गेला, दिसेनासा झाला. आई चिडली.

"चौकीत जबानी देतोयस का रे? कबूल काय केलंस? त्याच्या आतून सांग."

तिच्या समाधानासाठी जुळवून सांगू लागलो. मग जुळवावं लागेना. पाण्याखाली पायऱ्या आणखी खोल जातात, एकीवर झिजल्या सोंडेचा गणपती आहे, त्याला मी धरून राहिलो, असं एकदा बोलून गेलो. दादाला ज्याने बाहेर काढलं त्या वासुदेव मल्लाहला विचारलं. नाव बांधता बांधता तो थांबला.

"गनेसजी तो हैं भइया, पर तुमको कौन बताया? तुम तो तैरना भी नहीं जानते."

आई खूश आहे. मला विश्वेश म्हणून वाढते. दादाच्या आवडीची कारल्याची भाजी करते आणि ताई, मी ती मागून खातो.

काल सांगताना खालून वर पाहिलं. हिरव्या पाण्यापलीकडे सुमंत उभा होता. त्याने हाका मारल्या, बरीच वाट पाहिली, मग वळून घरी गेला. तो जाताना मी पाहिला.

तो घरी पोचला असेल, तर आईसमोर बसून बोलत कोण होतं?

गुरुजी म्हणतात, कबूल केलेलं मला मोडता येणार नाही, पण "पुरे झालं" असं आई म्हणू शकते. ती तुझंच ऐकते. वर्षश्राद्धाची वाट पाहू नकोस, लगेच नीघ. आलीस की दारातूनच मला नीट पाहा आणि कोण दिसतो ते तिला मोठ्याने सांग.

तुझा भाऊ

(नाव घातलेलं नाही. कोऱ्या कागदावर दोन्ही लिहून पाहिली. सही दोन्ही वेळा न अडखळता झाली.)