ताईचं आईवरचं भाषण

३ मार्च, मंगळवार

डोकं उठलंय. डॉक्टरीणबाईंना दवाखान्याची नियमावली हवी. रजा, उशीर, गणवेश, सगळं लेखी. "तुला कंप्युटर येतो ना, मग कर!" रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला कंप्युटर येतो म्हणजे जगातलं सगळं येतं, असा त्यांचा समज.

नेटवर एक साइट सापडली. करारनामे, अर्ज, नियमावल्या, निरोपाची भाषणं — लोकांनी टाकलेली असतात. आपण उतरवून घ्यायची, नावं बदलायची, झालं काम! मला हवी तशी नियमावली तिथे तयार. पण फुकट हवी तर आधी आपली एखादी फाइल अपलोड करा म्हणे.

४ मार्च

नियमावली दिली. बाई खूश. "बघ, मनावर घेतलं की जमतं तुला."

कशी जमली ते इथे तरी लिहावं. बाई डोक्यावर उभ्या, पेशंट खोळंबलेले. पेनड्राइव्हवर "आई अंतिम" नावाची फाइल होती. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा शोकसभेत ताईने वाचलेलं भाषण. ते टाकलं.

न बघता टाकलं, असं लिहिणार होते. खोटं कशाला? बघितलं होतं. म्हटलं, एवढ्या ढिगाऱ्यात कोण शोधत बसणार! आईचं नाव तेवढं पुसलं. मोठे उपकारच केले!

९ मार्च

साइटवर डोकावले. बऱ्याच जणांनी घेतलंय भाषण. एकीने खाली लिहिलंय, वाचून लगेच आईला फोन केला. बरं वाटलं. मग स्वतःचीच चीड आली — मला बरं वाटायला ते मी लिहिलं होतं का? शोकसभेत मला दोन शब्द बोलता आले नव्हते. पाणी वाटत फिरले नुसती.

संध्याकाळी ताईचा फोन. उचलला नाही.

१८ मार्च

एक्स-रेवाल्याची आई गेली. आमच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो तो. दिवसभरात "श्वास रोखा", "सोडा" याच्या पलीकडे बोलणं नाही. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं याने एकट्याने केलं. लग्नही केलं नाही.

२२ मार्च, रविवार

त्यांच्या इमारतीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. आम्ही सगळे गेलो. एक्स-रेवाला उठला, खिशातून घडी घातलेला कागद काढला. मला वाटलं, आभार मानून बसेल.

"माझी आई रागावली की बोलायची नाही. कपाटं आवरायला काढायची. कपाट जितकं नीट, तितका राग मोठा..."

ती माझी आई. तो राग माझ्या आईचा!

तो वाचत राहिला. तोच पायपुसण्याचा किस्सा, तेच कुकरच्या शिट्टीवर तिचं दचकणं. ज्या बाईला कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागायचा, ती कपाटं कधी आवरणार? शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण त्याला कशाचं भान नव्हतं. ओक्साबोक्शी रडत वाचलं त्याने, शेवटपर्यंत.

बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "काय लिहिलंय गं! या मुक्या माणसाने!"

मी रुमालात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं, रडतेय.

२३ मार्च

एक्स-रेवाला कामावर आला. चहाच्या वेळी आपणहून जवळ आला.

"ते मी नाही लिहिलं. बसलो होतो लिहायला. औषधं आणि डायपर, याशिवाय काही आठवेचना. मग नेटवर मिळालं. कुणीतरी आपल्या आईवर लिहिलेलं."

"असू दे हो," म्हटलं.

"माझी आई उठून कामं करायची तेव्हा मी शाळेत होतो. ती रागावली की काय करायची, मला माहीतच नाही. वाचताना वाटलं, अशीच असेल."

सांगावंसं वाटलं. त्याचा रिकामा कप उचलून विसळायला नेला.

२९ मार्च, रविवार

त्याच्याकडे भेटायला गेले. भिंतीवर त्याच्या आईचा फोटो. शेजारी तेच भाषण, छापून फ्रेम केलेलं! कोपऱ्यात रिकामा पलंग, गादी गुंडाळलेली. मी फार वेळ थांबले नाही.

ताईला सांगायलाच हवं.

५ एप्रिल, रविवार

सांगितलं.

ताई शिवणक्लासच्या टेबलावर कापड बेतत होती. मी बोलायला लागले तरी कात्री चालूच राहिली. "साइटवर टाकलं" म्हटल्यावर थांबली.

"विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

एक्स-रेवाल्याचंही सांगितलं, फ्रेमचंही. ताईने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "जा तू आता," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर सोसलं असतं.

६ एप्रिल

साइटवरून भाषण काढलं. काढून काय? ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे आहेच. किती हॉलमध्ये, किती घरांत माझ्या आईला दुसऱ्याच कुणाची आई करून ठेवलंय मी!

ताईला मेसेज केला. वाचला तिने. उत्तर नाही.

९ एप्रिल

उत्तर नाही.

१२ एप्रिल, रविवार

ताई आली. न सांगता, चप्पल न काढता दारातच उभी.

"त्या माणसाला काही सांगू नकोस. भिंतीवर राहू दे त्याच्या."

मग आत आली, बसली. म्हणाली, "एक तुला माहीत नाही. ते भाषण मी आई असतानाच लिहून ठेवलं होतं, आणि तिने ते ऐकलं होतं. हॉस्पिटलात मीच वाचून दाखवलं. हसली, पुन्हा वाच म्हणाली. आणि एक अख्खा परिच्छेद काढायला लावला. तुझ्यावरचा. म्हणाली, धाकटीला चारचौघांत रडायला आवडत नाही, तिचं तिला घरी सांग. मला वर्षभर जमलं नाही गं सांगायला."

तो परिच्छेद तिला पाठ आहे.

नको म्हटलं. मग दार लावून घेतलं आणि म्हटलं, सांग.