हात की मशीन

ऊर्जानगर,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र गाडीने ये-जा करणाऱ्या मुखरूभाऊंनी काल डब्याच्या पिशवीतून काढून दिले. गाडीत त्यावर चिवड्याची पुडी ठेवली होती, त्यामुळे दोन शब्द तेलाखाली गेले. बाकी सगळे वाचले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, आणि आईला वाटते आपण भांडतो. तेव्हा पत्रच बरे.

मला समजले ते असे. ड्रिल मशीनचे टोक थरथरते, भोके लांबट पडतात. नाटक मंडळीच्या मंचाचा लोखंडी सांगाडा पौर्णिमेआधी द्यायचा आहे, आणि लांबट भोकात बोल्ट हलतो. निकेशदादा म्हणतो, भाद्रपदातल्या तापापासून बाबांचे हात कापतात, मशीनही म्हातारी झाली, आता दोघांनी थांबावे. मशीन भंगारात, तुम्ही खाटेवर, सांगाडा नागपूरहून.

यावर मी आत्ता मत देत नाही. आधी तपासा. वायर सॉकेटमधून काढा. चकच्या जबड्यात नवे ड्रिल लावा, त्याचा गुळगुळीत दांडा चकखाली बोटभर उघडा ठेवा. टेबलाला जाड तार घट्ट बांधा आणि तिचे टोक दांड्यापाशी आणा. मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. मग वरची पुली हाताने हळू फिरवा. फट सारखी राहिली तर मशीन ठीक. कमीजास्त झाली तर मशीन आऊट, म्हणजे दांडा सरळ फिरत नाही. नंतर तेच चकच्या वर, त्याला फिरवणाऱ्या स्पिंडलपाशी करा. शेवटी स्पिंडल धरून आडवी हलवा; खडखडली तर बेअरिंग गेले.

यात भोक पाडायचे नाही, म्हणून तुमच्या हाताचा प्रश्न येत नाही. तार टेबलाला बांधलेली आहे. तिला ताप आला नव्हता.

थरथर नक्की केव्हापासून, तेही आठवून लिहा.

इथे वीज केंद्रात एक संच बंद ठेवून दुरुस्ती चालली आहे. केस धुतले तरी राख निघत नाही. दिवाळीला येणे अवघड दिसते. आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

लोभ आहेच, उत्तरही असावे.
तुमची रोशनी


वडसा,
१५ ऑक्टोबर

चि. रोशनीस,
बाबाचे अ. आ.

तुझं पत्र भेटलं. तू शिकली तशी लिहितं, डॉक्टरच्या चिठ्ठीवानी. पण समजलं.

तार बांधली. दांड्यापाशी फट एका बाजूनं उघडते, दुसऱ्या बाजूनं पोस्टकार्डही सरकत नाई. म्हंजे आऊट आहे. स्पिंडलपाशी मात्र फट सारखीच राहाते. बेअरिंगही खडखडत नाई. मले काई उमजलं नाई. निकेशले दाखवलं तर म्हणते का बाबा, पुली फिरवतानाही तुमचा हात कापून राह्यला, मंग तार काय सांगन.

आज तो भंगारवाल्याले घेऊन आला होता. त्यानं मशीनले टिचकी मारून पाहिली, बैलाचे दात पाहाते तशी. म्या म्हटलं, माझी पोरगी तपासून राह्यली, तिचं होऊ दे. तो म्हणे, पोरगी कुठी हाय? म्या म्हटलं, ऊर्जानगरले. तो हासला.

थरथर तापात नव्हती. तापातून उठल्यावर म्या चार पट्ट्या पाडल्या, चांगल्या गोल भोकाच्या. दसऱ्यानंतर सुरू झालं. निकेश म्हणते तापच मागून हातात उतरला.

दिवाळीले नाई येत तर तुझी आई म्हणते अनारसे कोण खाईन. येण्याचं पाहाजो. माया हाय तशीच ठेवजो.
तुझा बाबा


ऊर्जानगर,
१८ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पुली कापऱ्या हाताने फिरवली काय किंवा स्थिर हाताने, दांडा आपल्याच आसाभोवती फिरतो. दादाला हे सांगा. पटले नाही तर त्यालाच फिरवायला लावा.

स्पिंडल ठीक, बेअरिंग ठीक, चकखाली आऊट. म्हणजे दोष या दोन्हींच्या मध्ये आहे: चक ज्या निमुळत्या खोबणीत ठोकून बसवतो, तिथे. तिथे केसाएवढा कण आला तरी खाली टोक नाचते. इथे पंपांच्या शाफ्टवर हेच पाहून माझे डोळे दुखतात.

दसऱ्याला तुम्ही मशीन धुता. चक काढला होता का? पूजा कोणी केली? दोष देण्यासाठी विचारत नाही, क्रम कळावा म्हणून विचारते. पाचर मारून चक उतरवा, खोबणीत बॅटरी धरून पाहा. काडीला सुती चिंधी गुंडाळून आतून पुसा. सँडपेपर लावू नका.

सुट्टी मिळाली नाही. अनारसे मुखरूभाऊंकडे द्या. पण चिवड्याखाली नको.

रागावू नये, एवढे मागणे.
तुमची रोशनी


वडसा,
२४ ऑक्टोबर

चि. रोशनीस,
अ. आ.

दिवाळीत मशीन बंद होती, काल भाऊबीज झाल्यावर चक उतरवला. निकेशले जवळ उभं केलं. खोबणीच्या एका बाजूले कुंकवात तेलात चेपलेला तांदूळ. दगडावानी झालेला.

यंदा पूजा नव्या सुनेच्या हातून केली. रंजीताच्या बापाची सावली गावाले धानाची गिरणी हाय ना, तिथी दसऱ्याले गिरणीच्या तोंडात अक्षत टाकतात, का यंत्र उपाशी राहू नये. म्या चक काढून ठेवला होता. तिले वाटलं हेच मशीनचं तोंड. बिचारीनं कुंकवाचं बोट फिरवून अक्षत चिकटवली. म्या पाहिलं होतं. पण पूजेचा टिळा आपण पुसत नाई, म्हणून तसाच वरून चक ठोकला. चूक माझीच मोठी.

पोरगी चुलीपाशी रडून राह्यली होती. तुझी आई म्हणे, रडतं काऊन वो? आम्ही इतके वर्सं मशीन उपाशी ठेवली, तुनं पह्यल्यांदा जेवू घातलं, अजीर्ण झालं तिले. मंग ती हासली.

पुसून चक बसवला. फट सारखी. भोक असं गोल का पैसा ठेवावा. निकेशनं भंगारवाल्याले फोन करून नको म्हणून सांगितलं.

पण रोशनी, भोक गोल पडते अन् खुणेवर पडत नाई. खूणच सरकते. खूण ठोकाचा पंच धरला का हात कापते. सांगाड्याचे दोन लोखंडी कोन वाया गेले. निकेशनं ते गुपचूप बाजूले ठेवले, म्या पाहिलं. म्हंजे मशीन सुटली, आता मीच उरलो. आता नागपूरचंच बरं वाटते.

काळजी नको करजो.
तुझा बाबा


ऊर्जानगर,
२७ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे हात कापतात हे मला तुमच्या पहिल्याच पत्रावरून कळले होते. अक्षरांवरच्या आडव्या रेघा तुम्ही पट्टी लावल्यासारख्या काढायचे. आता त्या तशा नाहीत. लिहिले नाही, कारण दोन दोष एकत्र असले की आधी एक वेगळा काढावा लागतो. नाहीतर सगळे एकाच्याच माथी बसते. तुमच्या माथी बसत होते.

हाताला मशीनसारखी चिंधी लावता येत नाही. डॉक्टरांना दाखवा, दादा नेईल. तोवर पंच धरू नका.

मुखरूभाऊंबरोबर एक जड पुडके पाठवते. सांगाड्याच्या कोनाचे माप तुम्ही पूर्वी लिहिले होते, त्यावरून साचा केला आहे. साहेबांना विचारून, टाकाऊ पट्टीतून. कोनाच्या टोकावर बसवा, क्लॅम्प आवळा. ड्रिल साच्याच्या भोकातूनच खाली जाते, खूण लागतच नाही. हँडल मात्र तुम्हीच ओढा. किती दाब द्यायचा, लोखंड आरपार केव्हा सुटते, ते साच्यात घालता आले नाही.

वहिनीला सांगा, अक्षत टेबलावर ठेवली तरी मशीनला पोचते.

अनारसे चांगले होते. थकले आहे, जास्त लिहीत नाही. सांभाळून असावे.
तुमची रोशनी


वडसा,
४ नोव्हेंबर

चि. रोशनीस,
अ. आ.

सांगाडा दिला. आज दुपारी मंडळीनं मैदानात उभा करून पाहिला. सगळे बोल्ट हातानं बसले, एकही ठोकावा लागला नाई. मंग त्यांचा खलनायक वर चढून नाचला, जाडजूड माणूस, आधीच्या मंचाची फळी त्यानंच तोडली होती म्हणे. दादरा वाजत होता का लावणी, मले काई ऐकू आलं नाई. म्हणून मी कोपऱ्यातल्या खांबाले हात लावून बसलो.

निकेशनं विचारलं, बाबा, थरथरते का? म्या नीट पाहिलं.

थरथरत होता तो माझा हात. खांब नाई.

सुट्टी भेटली का येजो. माया तिथीही हाय, इथीही हाय.
तुझा बाबा