जळलेल्या यंत्राचा नंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार
शनिवारी कॉम्प्युटरचा बोर्ड जळला. डिस्क वाचली. साड्यांची त्रेसष्ट डिझाइनं तिच्यात आहेत, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर फक्त जुन्या यंत्राचा नंबर ओळखतं. नवीन कॉम्प्युटरवर ते चालणार नाही. बनवणारी कंपनी बंद. कागदावर एकही डिझाइन नाही. घरचे सगळे माग थांबलेत.

आप्पा एवढंच म्हणाले, "हुईल का न्हाय, ते सांग."


४ फेब्रुवारी
यंत्राचा नंबर बदलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. नव्या यंत्राला जुना नंबर द्यायचा. नंबर आमचाच, जळलेल्या यंत्राचा — त्यामुळे मला संकोच नाही. नागेंद्रकडे, म्हणजे वडगावच्या चुलतभावाकडे, ते आहे असं आप्पांना आठवलं. तो पेनड्राइव्ह देताना कुरकुरला. "कशाला हा घोळ? तंवर ऑर्डरी माझ्या मागावर घालूया की, आप्पा!"

धोका एकच. तीनदा चुकीचा नंबर दिसला की डिझाइनं कायमची बंद. सॉफ्टवेअर टाकतानाच पडद्यावर तसं लिहून येतं.

५ फेब्रुवारी
नंबर जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर. शेवटचे दोन आकडे पुसलेले!

दर खंडेनवमीला आई हळदकुंकू तिथंच लावते. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसते. आठ वर्षं.

"अगं, पांढरी जागा तेवढीच हुती! काळ्यावर कुकू दिसतंय व्हय?"
"नंबर होता तो, आई."
"मग नंबरालाबी पुजलं की. काय वंगाळ केलं?"

भिंगातून ३८ वाटतात. तेच भरले. 'बदल झाला' असं आलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि नंबर पुन्हा नवा! तपासण्याआधीच डिझाइनचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू झालं. नकार. एक संधी गेली. चूक माझी.

६ फेब्रुवारी
बदल टिकत नाही कारण अँटीव्हायरस त्याची एक फाइल उचलून टाकतो. फाइल परत आणली. तीनदा बंद-चालू केलं, नंबर टिकला. आपोआप सुरू होणंही बंद केलं.

मग ३८ देऊन उघडलं. नकार.
आता एकच.

८ फेब्रुवारी, रविवार
नागेंद्र आला. "काय इंजिनेरबाई, दोन आकड्यांत अडकलीस व्हय? मार की तिसरा. लागला तर लागला!"

नव्याण्णव शक्यता. मी हात लावला नाही.
आप्पा जेवले नाहीत. आई मला सोडून सगळ्यांशी बोलते.

९ फेब्रुवारी
काही नाही.

१० फेब्रुवारी
उघडलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

शेवटचे आकडे ६१. पेनड्राइव्हवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी वापरलेल्या नंबरांची यादी आहे. काल-आज त्यातली एकेक फाइल उघडून बघताना दिसली. आमचा अख्खा नंबर तिच्यात होता. खाली तारीख — १४ नोव्हेंबर. आमचा बोर्ड तेव्हा धडधाकट होता.

म्हणजे तीन महिने वडगावात एक कॉम्प्युटर आमचा नंबर लावून बसलाय. आमची डिझाइनं तिथंही उघडतात.

खालून आप्पांचा आवाज — किती दिवसांनी एवढा मोठा! "पोरी, पयला फोन नागेंद्राला लाव. त्याच्यामुळं वाचलो बघ!"

यादीचा फोटो काढलाय. फोन लावलेला नाही.