हवालदाराचा राहून गेलेला चहा

भिंगार, रविवार संध्याकाळ

सोनईहून धाकटे दीर आले होते. माझ्या दुसऱ्या कादंबरीचं बाड दुपारभर वाचलं आणि एकदाही हसले नाहीत. पहिली वाचताना याच माणसाला हसून ठसका लागला होता!

शेवटी म्हणाले, "वहिनी, ह्यात तुमचा हवालदार चहाच पीत न्हाई की."

आधी रागच आला. खून, पाठलाग, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं घातलंय, आणि यांना चहा हवा? पण खरंय. पहिल्या कादंबरीत तो पंचनाम्याला गेला की चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही, अगदी चोराच्या घरीसुद्धा. मग ज्याचा चहा घेतला त्याला बेड्या कशा घालायच्या, म्हणून ओशाळून ओट्यावरच बसून राहायचा. शेवटी चोरच कंटाळून कबुली द्यायचा. लोकांना तो तसाच आवडला, आणि दुसरीत मी त्याला हुशार करून ठेवलं. कुणी सांगितलं होतं?

मी घाबरले का? छे. चूक कळली, आता लिहिणं माझ्या हातात आहे.

लगेच प्रकाशकांना फोन केला, "उद्या बाड पाठवत नाही."

"का हो? खुनी सापडत नाहीये का?"

"सापडलाय. पण त्याच्या घरचा चहा अजून व्हायचाय."