गोलकीपर राहिला

बाड हॉम्बुर्ग, २४ जून २००८

चि. मोहन यास ताईचे आशीर्वाद, रागासकट.

रविवार, १५ जून, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू फोनवर जावयांची री ओढलीस: "म्हाताऱ्या गोलकीपरला सोडा, तरुण आणा. ताई, तुला हॉकीतलं काय कळतं?"

शाळेच्या संघात सेंटर हाफ मी होते, तू नव्हतास.

इथल्या हॉकी क्लबचा तो गोलकीपर आमच्या खालीच राहतो. त्याची मुलगी ही ऊर्जाची इथली एकुलती एक मैत्रीण. ते कुटुंब गाव सोडणार म्हणून नात आठवडाभर धड जेवली नाही.

काल क्लबने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. रात्री ऊर्जाने आणखी एक पोळी मागितली, तीही मराठीत. जावई आता म्हणतात, "अनुभव हवाच."

तुझा गुडघा कसा आहे?

माफी लेखी हवी, १५ जुलैच्या आत, ऊर्जाच्या नावाने. अक्षर मोठं काढ, ती वाचायला शिकते आहे.

तुझी,
शुभाताई