ह्यांचा निरोप समारंभ आणि माझा उजवा हात

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात ना? भावोजींचा खोकला?

मागच्या महिन्यात आमच्या दारात उतरलं ते असं: गिटार एक, पट्टा एक, जादा तारा सहा, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या टिकल्या पाच (एक पहिल्याच दिवशी गिटारीच्या पोटात पडली, अजून खुळखुळते). एकूण सहा हजार चारशे. मी मटकन खाली बसले! तीस तारखेला हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त होतायत. छत्तीस वर्षांत साहेबांपुढे कधी घसा खाकरला नाही, आणि निरोप समारंभात म्हणे कॉलेजातलं आवडतं रॉक गाणं वाजवणार! रोखपाल गाणार, शिपाई ड्रम बडवणार, ह्यांच्याकडे ऱ्हिदम गिटार, म्हणजे चाल नाही, नुसता ठेका. महिनाभर तेच तीन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं दाबायच्या तीन तऱ्हा. मी विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" तर म्हणाले, "अगं, हेच गाणं!"

मोबाइलवरचे गुरुजी एकच बजावतात: तार वाजो न वाजो, हात खाली-वर चालूच ठेवा. ह्यांचा हात बोटं बदलताना थांबतो आणि मग सुटलेल्या बसमागे धावावं तसा धावतो. माझा जपाचा हात चाळीस वर्षांचा, ताई. दूध उतू जावो की दारावरची घंटा वाजो, मणी थांबत नाही. रविवारी रोखपाल आणि शिपाई आमच्याकडे तालमीला आले. ह्यांचं चारदा अडकलं. "अहो, असं!" म्हणत मी गिटार ओढली आणि वाजवली की गं! अख्खं गाणं! माझी मीच हबकले. (बोटांना घट्टे कधी पडले, देव जाणे. हे कचेरीत गेले की रोज अर्धा तास... ते राहू दे.)

रोखपाल (कचेरीत ह्यांना सगळे नाना म्हणतात) म्हणाले, "वहिनी, समारंभात तुम्हीच वाजवा. नाना खंजिरी धरतील." ह्यांनी खंजिरी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे." तो 'छान' मला ऐकवला नाही गं. जन्मात एकदा काही हौस केली माणसानं, ती मीच हिसकावली.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

ता. क. तुझ्या लेकीची गिटार माळ्यावर पडून आहे ना? ती पाठव. मी पडद्यामागून ठेका धरीन, पुढे हे वाजवतील. कुणाला कळायचं नाही.

पुन्हा ता. क. पत्र ह्यांनी वाचलं. म्हणतात, पडदा कशाला, दोन खुर्च्या मांडू. खंजिरी साहेबांना द्यायचं ठरलंय. गिटार कधी निघते ते उलट टपाली कळव.